तीन घरं आणि दोन ट्यूनर

सुलक्षणा तावडेचा दिवस कानांवर चालायचा. भिंतीपलीकडून एकसुरी गुणगुण येत असली की हात चालू. भाजी निवडून व्हायची, कपड्यांच्या घड्या पडायच्या, पोळ्या लाटून व्हायच्या. गुणगुण मध्येच थांबली की हात जिथल्या तिथे. पुन्हा सुरू झाली तर ठीक. नाही झाली तर ती पिठाच्या हातांनी, अनवाणी, शेजारच्या दाराकडे पळायची. आपलं आयुष्य शेजारच्या टीव्हीच्या आवाजाला बांधलं जाणार आहे असं तिला कुणी आधी सांगितलं असतं, तर ती हसली असती.

आणि हे सगळं तिच्याच नवऱ्याच्या खटपटीतून सुरू झालेलं.

राजेश तावडे जहाजावर इलेक्ट्रिशियन. वर्षातला बराचसा काळ पाण्यावर, उरलेला घरातल्या वायरी उचकण्यात. त्याचं बालपण लालबागच्या चाळीत गेलेलं. मजल्यावर एकच टीव्ही, आणि ज्याच्या खोलीत तो, त्याच्या दारात चपलांचा ढीग. गिरणी गेली, चाळ गेली, तावडे दहिसरला कांदरपाड्याच्या अंगाला आले. इथे मजल्यावर तीन दारं आणि तिन्ही बंद. राजेशला ते बघवेना. एका सुट्टीत त्याने गच्चीवर फुकटच्या चॅनेलांची छत्री लावली, तिची वायर आपल्या बैठकीतल्या एका काळ्या खोक्यात आणली, आणि त्या खोक्यातून निळ्या वायरी काढून शेजारच्या दोन्ही घरांत नेल्या. प्रत्येक टीव्हीमागे त्याने एकेक जुना कॉम्प्युटर बसवला. झालं तिन्ही घरांचं मिळून एक नेटवर्क.

"खोक्यात दोन ट्यूनर आहेत," तो सगळ्यांना उभं करून समजावत होता. "ट्यूनर म्हणजे हात समजा. छत्री शंभर चॅनेलं गोळा करते, हा हात त्यातलं एक उचलून आपल्या टीव्हीला देतो. हात दोन, घरं तीन. दोन घरांनी एकच चॅनेल पाहिलं तर एका हातात भागतं. तिघांनी तीन मागितली तर एकाला मिळणार नाही. त्याने शेजाऱ्याचं दार वाजवायचं आणि विचारायचं, बाबा, तू काय बघतोयस, मी येऊ का."

"म्हणजे भांडण लावून तू जहाजावर जाणार," सुलक्षणा म्हणाली होती.

"भांडण तर भांडण. बोलतील तरी."

खोक्यावर दोन हिरवे दिवे होते. एक हात गुंतला की एक दिवा, दोन गुंतले की दोन. दोन्ही लागलेले असताना तिसऱ्याने काही मागितलं तर पडद्यावर काळोख आणि राजेशने स्वतः टाइप करून घातलेली ओळ यायची: ट्यूनर मोकळा नाही. जहाजावरून फोन आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "काय गो, खोको बरो आसा मां?"

"खोक्याक काय धाड भरलीहा? माजी चवकशी कर आदी."

शेजारच्या दारात अँथनी आणि त्याची आई पर्पेच्युआ राहायचे. कांदरपाड्यातलं त्यांचं जुनं कौलारू घर गेलं आणि त्याच्या बदल्यात हा फ्लॅट मिळाला. अँथनी गोरेगावच्या एका स्टुडिओत लाइटमन. सकाळी निघाला की परतायचा भरवसा नाही. लग्न केलेलं नाही, विचारलं की म्हणायचा, "लायटी धरायला वेळ पुरत नाय वहिनी, बायको कधी धरू." पर्पेच्युआ माहेरची मढची. ऐन उमेदीत डोक्यावर टोपली घेऊन बोरिवलीपर्यंत भाजी विकणारी, दणदणीत आवाजाची बाई. इमारतीत सगळे तिला पर्पेमावशी म्हणत.

मावशीचं बिघडत गेलं ते हळूहळू. आधी नावं गेली, मग वेळा गेल्या. मग एक दिवस ती दहिसर नाक्यावर ट्रकांच्या रांगेत सापडली. हातात रिकामी टोपली. पोलिसाने विचारलं तर म्हणाली, "मना मढला जावाचा हाय. तर सुटेल." तर म्हणजे मढला नेणारी होडी. दुसऱ्या खेपेला तिने गॅस उघडा ठेवला आणि चपला घालून जिना उतरली. सुलक्षणाला वास आला म्हणून निभावलं.

सोसायटीचे सेक्रेटरी विद्याधर काका भला माणूस, पण भल्या माणसालाही भीती वाटते. ते अँथनीला म्हणाले, "हे बघ, गॅस पेटला तर एक घर जात नाही, अख्खा जिना जातो. दिवसभर बाई ठेव, नाहीतर आईची कुठेतरी सोय बघ. मला समितीला उत्तर द्यायचंय."

अँथनीने बाई ठेवली. ती दिवसभर फोनवर. दुसरी ठेवली, तिला मावशीने चोर समजून वरवंटा फेकून मारला. तिसरी कुणी यायला तयार होईना. कुलूप लावून पाहिलं, तर समोरच्या इमारतीतल्या माणसांनी ओरडून सांगितलं की म्हातारी बाल्कनीच्या ग्रिलवर चढतेय. त्यानंतर कुलुपाचं नाव नाही.

आणि मग एका सुट्टीच्या दिवशी त्याला टीव्हीचा शोध लागला.

एका भक्तीच्या चॅनेलवर दिवसभर माळेची प्रार्थना चालायची. एक माळ संपली की लगेच दुसरी. सहज लावलं, तर मावशी समोर येऊन बसली, तिने गळ्यातली माळ काढून हातात घेतली, आणि जी बसली ती बसलीच. मढला तिच्या घरात नियम होता: माळ चालू असताना कुणी उठायचं नाही. पोरं तिथेच पेंगायची, पण उठायची नाहीत. तिच्या आजीने सांगून ठेवलं होतं की माळ अर्धी टाकून जो उठतो त्याच्या घरातली होडी दर्यावरून माघारी येत नाही. पर्पेच्युआचा बाप तेव्हा रोज दर्यावर जायचा. बाप जाऊन पन्नास वर्षं झाली असतील. ती मात्र अजून त्याची होडी सांभाळत बसली होती.

अँथनीने एकदा ती प्रार्थना रेकॉर्ड करून लावून पाहिली. मावशी थोडा वेळ बसली, मग म्हणाली, "ही कालची माळ," आणि चपला शोधायला लागली. पोटच्या पोराचं नाव विसरलेली बाई, पण कुठल्या वारी माळेतली कुठली रहस्यं, म्हणजे येशूच्या आयुष्यातले कुठले प्रसंग, म्हणतात ते तिला पाठ होतं. तेव्हा रोजचं रोज, थेट, छत्रीवरून येईल तेच हवं.

"वहिनी, बाई मिळाली," तो सुलक्षणाला हळूच म्हणाला, आणि टीव्हीकडे बोट दाखवलं. "पगार नको, चहा नको. फक्त बंद पडायला नको. काकांना सांगितलंय की दिवसभराची आया येते. तुम्ही कुणाला बोलू नका. कळलं तर उद्याच मायला आश्रमात टाकायला लावतील. तिथं ती आठ दिवस पण काढणार नाय."

सुलक्षणाने शब्द दिला. दुपारी ती जेवण घेऊन जायची, मावशीला बाथरूमला नेऊन आणायची, पुन्हा खुर्चीत बसवायची. मावशी तिच्याकडे न बघता ओठ हलवत राहायची. राजेशलाही तिने सांगितलं नाही. जहाजावरच्या माणसाला घरची काळजी सांगून काय उपयोग, त्याला तिथून धावत थोडंच येता येतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण सुलक्षणाला ते सुरळीत चालणंच खुपायला लागलं. एक म्हातारा जीव एका वायरीच्या टोकाला टांगलेला, आणि ती वायर आपल्या बैठकीतून निघते. लाइट गेली तर? छत्रीवर कावळा बसून ती हलली तर? ती रोज सकाळी गच्चीवर जाऊन छत्रीला हात लावून यायची. लोकांना वाटायचं, तावडेबाई सूर्यनमस्काराला जातात.

धोका आला तो तिसऱ्या दारातून.

तिथे हर्षद आणि रेवती, नवं जोडपं. हर्षद कॉम्प्युटरच्या कंपनीत, घरूनच काम करणारा, हसतमुख पोरगा. त्याच्या घरी पाहुण्यांची वर्दळ आणि भारताची मॅच असली की मग विचारूच नका. तिघांत दोन ट्यूनर त्याला जाचायचे.

"काकू, अँथनीकडे दिवसभर ते प्रार्थनेचं चॅनेल का चालू असतं?" त्याने एकदा विचारलं. "घरात आया आणि मावशी. त्यातली आया तर नक्की प्रार्थना बघत नसणार."

"असू दे रे. म्हाताऱ्या माणसाला आवडतं."

"असू दे ना, मी कुठे काय म्हणतो. पण मॅचच्या वेळी आमचा पडदा काळा. माझे भाऊ हसतात मला. म्हणतात, अजून रेशनवर टीव्ही बघतोस."

त्याच आठवड्यात एकदा दुपारी भिंतीपलीकडची गुणगुण थांबली. सुलक्षणाने कान दिला. काहीच नाही. ती धावली. दार उघडं होतं, मावशी जिन्याच्या पहिल्या पायरीवर, पायात चपला, हातात टोपली. आत पडदा काळा आणि त्यावर ती ओळ. सुलक्षणाने घरात परत येऊन आपली मालिका बंद केली. तशी शेजारी प्रार्थना पुन्हा सुरू झाली आणि मावशी, जणू कुणी मागून ओढल्यासारखी, वळून आत गेली.

संध्याकाळी हर्षद जिन्यात भेटला तेव्हा खुशीत होता. "काकू, मी राजेशकाकांना मेसेज करून विचारलं. ते म्हणाले कर. खोक्यात घरांना नंबर देता येतात. मी आमच्या घराला पहिला दिला, तुम्हाला दुसरा. अँथनीचं कनेक्शन शेवटी जोडलं होतं, म्हणून त्याला तिसरा. आता तिघांनी मागितलं तर ज्याचा नंबर शेवटचा त्याचं जाणार. सॉलिड ना?"

सांगावं असं तिच्या ओठांवर आलं. पण सांगितलं तर रेवतीला कळणार, रेवतीचं आणि विद्याधर काकांच्या सुनेचं रोजचं उठणं-बसणं. तिने शब्द गिळला. म्हणाली, "हुशार आहेस बाबा," आणि घरात जाऊन हिशेब केला: आपण टीव्ही लावलाच नाही, तर उरली दोन घरं आणि हात दोन. मावशीला कुणी हलवू शकत नाही. त्या दिवसापासून तावड्यांचा दुपारचा टीव्ही बंद झाला. मालिकेत सुनेचं काय झालं ते तिला भाजीवालीकडून कळू लागलं.

भिंतीपलीकडची गुणगुण तेवढी राहिली. ऐकून ऐकून तिला त्यातले चढ-उतार कळायला लागले होते. कधी कधी ती झोपेत ऐकू यायची आणि थांबली असं वाटून ती दचकून उठायची.

त्या रविवारी तिला बोरिवलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. भेटीची वेळ कशीबशी मिळालेली. अँथनीचं शूटिंग नेमकं मढला, तिथल्या एका बंगल्यात. जाताना तो म्हणाला, "लवकर या वहिनी."

"गेले आणि आले. रेवतीचं दार बंद आहे, माहेरी गेलेत दोघं. दोन्ही हात मोकळे आहेत, तू जा निवांत."

आठवड्यापूर्वी शेजारच्या इमारतीत भरदिवसा घरफोडी झाली होती. निघताना सुलक्षणाने गॅस बघितला, खिडक्या बघितल्या, आणि टीव्ही लावून आवाज मोठा केला. लालबागला तिची सासू हेच करायची. घर रिकामं सोडायचं तर रेडिओ चालू ठेवून जायचं. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की आत माणसं आहेत. इतक्या वर्षांत हात आपोआप तिकडे जायचा. खोक्याचे दोन्ही हिरवे दिवे लागलेले तिने पाहिले. एक आपला, एक मावशीचा. तिसरं घर बंद. शेजारी डोकावली, मावशी खुर्चीत, ओठ हलताहेत. तिने दार ओढून घेतलं.

डॉक्टरने डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या झाल्या, सगळं जग दुधात बुडाल्यासारखं. "दोन-तीन तास असंच राहील," तिथली मुलगी म्हणाली. "वाचता येणार नाही. कुणी न्यायला आलंय का?"

"मी रिक्षाने जाईन."

रिक्षात पर्समधला फोन वाजला, मेसेजचा आवाज. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. पांढऱ्या पट्टीवर काळ्या मुंग्या. रिक्षावाल्याला वाचायला सांगावं असं वाटलं, मग संकोच वाटला. असेल कुणाचंतरी रविवारचं सुविचाराचं चित्र.

इमारतीच्या जिन्यातच तिला आवाज ऐकू आला. माणसं ओरडत होती. पण ती खुशीची आरडाओरड होती. हर्षदच्या घरातून. कुणीतरी आउट झालं होतं. ती कठडा धरून वर चढत राहिली, कान देत. मॅचचा गलबला. आपल्या घरातला टीव्ही मोठ्याने बोलतोय. आणि तिसरा आवाज, रोजचा, तो नाही.

अँथनीचं दार सताड उघडं होतं. खुर्ची रिकामी. पडदा काळा, आणि त्यावर एक पांढरी धूसर रेघ. ती तिला वाचता आली नाही, वाचायची गरजही नव्हती.

तिने आपलं दार उघडलं. रिकाम्या बैठकीत दोन सासवा एकमेकींशी तावातावाने भांडत होत्या, ऐकायला कुणी नाही. तिने बटण दाबलं. भिंतीपलीकडे, त्या दुसऱ्या रिकाम्या घरात, त्याच क्षणी प्रार्थना सुरू झाली. शांत, एकसुरी, जसं काही झालंच नव्हतं.

हर्षदने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात वेफर्सचं पाकीट होतं. "काकू, तुम्हाला मेसेज केला होता ना मी, आम्ही लवकर परत आलो, मॅच लावतो, चालेल का म्हणून. तुमचं उत्तर नाही आलं..."

"मावशी गेली."

"गेली म्हणजे? आया कुठाय?"

"आया नाहीये," सुलक्षणा म्हणाली. "आया कधीच नव्हती. ती प्रार्थना होती म्हणून ती बसत होती. तुझी स्कूटर काढ."

त्याने वेफर्स तिथेच जमिनीवर ठेवले.

गेटवरचा वॉचमन म्हणाला, म्हातारी बराच वेळ झाला गेली, टोपली घेऊन, मी समजलो बाजारात चाललीय. हर्षद नाक्याकडे वळायला लागला. सुलक्षणाने त्याच्या खांद्यावर थाप मारली. "नाका नको. मागच्या वेळी नाक्यावरून पोलिसाने परत आणलं. ते तिला आठवत नसेल, पण पाय विसरत नाहीत. खाडीकडे घे. तिचं वऱ्हाड मढहून होडीने आलं होतं. खाडीतून. शंभरदा सांगितलंय तिने मला."

लिंक रोड ओलांडला की नवे टॉवर, टॉवरांच्या मागे डेब्रिजचे ढीग, आणि ढिगांच्या पलीकडे तिवरांची दाट रांग. वाट संपली तिथे त्यांनी स्कूटर टाकली. सुलक्षणाला सगळं हिरवं-करडं धूसर दिसत होतं. झाडं कुठे संपतात आणि चिखल कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. पण ती मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेली. तिला आवाज कळत होता. मुळांमधून पाणी चुबचुब करत आत येत होतं.

"भरती लागली," ती म्हणाली. "हर्षद, तुला दिसतंय ते बोल. जे दिसेल ते बोल."

"झाडं आहेत. प्लॅस्टिक आहे. एक माणूस आहे, चिंबोऱ्या धरतोय वाटतं. तो काहीतरी हात करतोय." मग त्याचा आवाज बदलला. "काकू, तिथे आहे. आत. कमरेपर्यंत आहे."

पर्पेच्युआ चिखलात उभी होती. टोपली तिने डोक्यावर धरली होती, भिजू नये म्हणून. पाणी तिच्या कमरेभोवती संथ फिरत होतं. ती ओरडत नव्हती, घाबरली नव्हती. होडीची वाट बघणारी बाई जशी उभी राहते तशी उभी होती. चिंबोऱ्यावाला आणि हर्षद आडवी फळी टाकून तिच्यापर्यंत पोचले. ओढलं तर ती येईना. चिखल सोडेना आणि तीही सोडेना. शेवटी चिंबोऱ्यावाल्याने तिच्या पायांभोवतीचा चिखल हातांनी उकरला तेव्हा ती सुटली. काठावर आणून बसवली तेव्हा तिचे ओठ निळे झाले होते.

"तर चुकली," ती सुलक्षणाला म्हणाली, रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "पप्पांची होडी पण नाय आली."

अँथनी हॉस्पिटलमध्ये पोचला तेव्हा अंधार पडला होता. मावशीला ताप होता, छातीत पाणी होतं, पण डॉक्टर म्हणाले निभावेल. विद्याधर काका आलेले, हर्षद कोपऱ्यात उभा. त्याच्या पँटवरचा चिखल वाळून पोपडे पडत होते.

"माझ्यामुळे झालं," तो अँथनीला म्हणाला. "नंबर मी बदलले. मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार," अँथनी म्हणाला. "आम्ही सांगितलंच नाय."

सगळ्यांची समजूत तीच झाली होती, आणि ती तशीच राहिली असती तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. सुलक्षणाने चष्म्याची रिकामी केस हातात फिरवली. "हर्षदच्या मॅचने गेलं नाही ते," ती म्हणाली. "दोन घरांना दोन ट्यूनर पुरले असते. माझ्या घरी टीव्ही चालू होता. घरात कुणी नव्हतं, तरी चालू होता. चोर येऊ नये म्हणून."

अँथनीने तिच्याकडे पाहिलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसती मान हलवली, दमलेल्या माणसाने रिक्षाचं भाडं ऐकून हलवावी तशी.

"आयाचं मला खोटं सांगितलंस," विद्याधर काका म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "मी समितीला काय सांगू आता?"

"काय सांगू नका काका. मी तिला मढला नेतो. मामाच्या पोराचं घर हाय, क्रिसचं. इतकी वर्षं मढ-मढ करतेय, तर मढलाच ऱ्हाऊ दे. तिकडंच कामं बघेन मी. बंगल्यांवर शूटिंगं असतातच."

ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते पटलं. ज्या जागेसाठी तिचा जीव तुटतो, तिथेच ती शांत होईल, दुसरीकडे कुठे होणार? सुलक्षणाने स्वतः तिची बोचकी बांधली. टेम्पोत बसताना मावशीने सगळ्यांना हात केला, लग्न होऊन निघालेल्या मुलीसारखा.

मग मजला शांत झाला. सुलक्षणाचे कान मात्र अजून भिंतीकडे होते. दुपारी पोळ्या लाटताना हात मध्येच थांबायचे, आणि मग तिला आठवायचं की आता थांबायला काही उरलं नाही. हर्षदने न सांगता खोक्यातले नंबर काढून टाकले. तोही आताशा मॅच फोनवरच बघायचा. खोक्यावर दिवसदिवस एकही दिवा लागायचा नाही. राजेशचा फोन आला, "काय गो, खोको बरो आसा मां?" तेव्हा तिने त्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "माका आदी सांगूचा होता, गो."

गणपती उठल्यावर एका सकाळी अँथनीचा फोन आला.

"कशी आहे मावशी?"

"ताप गेला. खाते-पिते. घर बरं हाय वहिनी, झकास. ओटीवरून दर्या दिसतो. ती जिथं खेळायची तेच घर, तोच दगडी ओटा."

"मग बरं झालं."

फोनमध्ये लाटांचा आवाज येत होता, अगदी जवळ, उंबऱ्याला लागून असल्यासारखा.

"अँथनी?"

"पहिल्या दिवशी टोपली घेऊन दारात उभी. म्हटलं, माय, कुठं चाललीस? तर म्हणते, मढला जावाचा हाय. म्हटलं, हेच मढ. तिने बाहेर बघितलं. सगळं बघितलं, दर्या, होड्या, चर्चचा क्रूस. मग माझ्याकडे असं बघितलं, मी तिला फसवतोय असं. म्हणाली, ह्ये मढ नाय. तेव्हापासून रोज तेच. आधी दुपारी, आता कधी पण. तिथं निदान खाली तीन मजले होते वहिनी. वॉचमन होता. इथं दारातून सात पावलं टाकली की पाणी. क्रिस आणि मी आळीपाळीने दारात बसतो. काल माझा डोळा लागला, तर वाळूवर पोचली होती."

"प्रार्थना लाव ना तिथे. छत्री बसव."

"बसवली. बसत नाय. म्हणते, माळ घरी गेल्यावर. हे आपलं घर नाय."

सुलक्षणाने खुर्ची ओढली आणि बसली. ती एक वाक्य मनात जुळवत होती, अनेक दिवस जुळवत होती, आणि आता ते बाहेर पडलं तेव्हा तिला स्वतःलाच सोपं वाटलं. "तिला इथे परत आण. मी दिवसभर तिच्या खोलीत येऊन बसेन. टीव्हीच्या भरवशावर नाही, मी स्वतः. विद्याधर काकांशी मी बोलते. रेवतीशी बोलते. सगळ्यांना सांगून करू या वेळी. ती खुर्ची तिला घर वाटत होती, अँथनी. कुठल्याही मढपेक्षा ती खुर्ची..."

"थांबा हां," तो म्हणाला.

"ऐकतोयस ना?"

"एक मिनिट वहिनी, कडी वाजली." मग फोनपासून लांब, "माय. माय, थांब. क्रिस, तू दारात नव्हतास का?"

फोन कशावर तरी आपटून पडला. धावणारी पावलं, एकाची, मग दुसऱ्याची, आणि मग तीही ऐकू येईनाशी झाली. फोन कुणी बंद केला नाही. सुलक्षणा तो कानाला घट्ट लावून बसून राहिली. पलीकडे लाटा येत होत्या आणि जात होत्या, एका सुरात, आणि त्यांच्यावरून कुणीतरी हाक मारत होतं. हाक लांब लांब जात होती.